नववा अध्याय आणि बिटाची कांजी

माझ्या उदरात कोट्यवधी सूक्ष्म जीव वास्तव्य करून आहेत आणि माझ्या स्मरणशक्तीचा कारभार तेच पाहतात, ही वार्ता मला वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी सूनबाईंकडून मिळाली. तोवर माझी अशी श्रद्धा होती की स्मरणशक्ती म्हणजे सरस्वतीची कृपा आणि गुरुजींच्या छडीचे फळ. पोटाचा संबंध फक्त भुकेशी. (तो संबंध मात्र मी आयुष्यभर निष्ठेने सांभाळला, असे माझ्या पत्नीचे मत आहे.)

या वार्तेला कारण घडले ते गावच्या देवळात. पुण्यातील एका शाळेत संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो आणि चिरंजीव श्रीकांतने कासार आंबोलीत घर बांधले, तेव्हा त्याच्या मागोमाग आम्ही उभयता इकडे आलो. श्रीकांतची नोकरी हिंजवडीत. मुग्धा, म्हणजे सूनबाई, घरूनच कार्यालयाचे काम करतात. मला मात्र गावात करण्यासारखे काहीच नव्हते. ते देवानेच दिले. श्रावणी सप्ताहाच्या समाप्तीला आणि दत्तजयंतीला, असे वर्षातून दोन वेळा, देवळात अठराही अध्यायांचे पठण करण्याचा मान मला मिळाला. समोर पोथी नाही, कागद नाही. डोळे मिटायचे आणि प्रारंभ करायचा. या मानाचा मला अभिमान नव्हता असे म्हटले, तर या वयात खोटे बोलल्याचे पाप लागेल.

या पठणाशी गावाचा आणखी एक व्यवहार जोडलेला आहे. देवळाच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये महाप्रसादाचा स्वयंपाक होतो. तो करणारा सोपान आचारी घड्याळ वापरत नाही, माझे अध्याय वापरतो. नवव्यापर्यंत निवडणे-चिरणे, दहाव्याला डाळ शिजायला टाकायची, तेराव्याला फोडणी, पंधराव्याला भात, सतराव्याला पुऱ्यांचे तेल. अठरावा संपून आरती होते, तोवर पहिली पुरी टम्म फुगलेली असते. वर्षानुवर्षे यात क्षणाचाही फरक पडला नाही.

गेल्या श्रावणात पडला.

नवव्या अध्यायाच्या अखेरीस एक चरण येतो. तोच चरण, अक्षरशः तसाच, अठराव्याच्या अखेरीकडे पुन्हा येतो. भगवंतांना एकच गोष्ट दोनदा सांगावीशी वाटली, हा त्यांचा अधिकार; पण पाठ म्हणणाऱ्याच्या वाटेत त्यामुळे एक चकवा बसला आहे. त्या ठिकाणी दोन वाटा फुटतात. डावीकडे गेलात तर दहावा अध्याय, उजवीकडे गेलात तर समाप्ती. त्या दिवशी मी अत्यंत भक्तिभावाने, संथ, शुद्ध उच्चारांत उजवीकडे गेलो.

शंख वाजला. आरती झाली. मी कृतार्थ भावनेने डोळे उघडले. समोर पंचक्रोशी प्रसन्न दिसत होती. देवस्थान समितीचे अध्यक्ष बबनराव स्वतः पुढे आले. बबनरावांची रस्त्यालगतची जमीन गेली, तिथे बंगले उभे राहिले, आता उरल्या जागेत ते भाडेकरू सांभाळतात आणि देवस्थान सांभाळतात. तरुणपणी ते पैलवान होते. अजूनही नमस्कार करतात तो समोरच्याला चीतपट करण्याच्या बेतानेच.

"गुरुजी, औंदा गाडी लई सुसाट सोडली," ते म्हणाले. "असंच पायजे. न्हाईतर दरसाली बसून बसून पाय मरत्यात."

मला काही उमगेना. इतक्यात मागच्या दाराने सोपान हातात झारा घेऊन धावत आला.

"आरती झाली? आवं, म्या अजून डाळ निवडतुया!"

पंगत मात्र बसली होती. पत्रावळी मांडल्या होत्या, पाणी वाढले होते, मीठ वाढले होते, लिंबाची फोडही वाढून झाली होती. त्यापुढे वाढण्यासारखे गावात काही नव्हते. सुमारे शंभर माणसे मिठाकडे पाहत बसली.

"अहो," माझी पत्नी सुमती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "नऊ अध्याय खाल्लेत तुम्ही. निदान तुमचं तरी पोट भरलं असेल."

माझी विस्मृती मला बोचली, हे खरे. पण त्याहून अधिक बोचले ते हे की, अर्धा ग्रंथ गळाला आणि त्या सभामंडपात बसलेल्या एकाही भाविकाला तो गळाल्याचे कळले नाही. कळले ते डाळीला.

दुसऱ्या दिवशी बबनराव घरी आले. बसले. चहा घेतला. मग खिशातून एक करंगळीएवढी वस्तू काढून त्यांनी टीपॉयवर ठेवली.

"गुरुजी, राग मानू नगा. ह्याला पेनड्राइव्ह म्हंत्यात. ह्याच्यात समदे अध्याय हायेत. एक बी गळत न्हाई. दत्तजयंतीला तुमी नुसतं फुडं बसायचं, हार घालून घ्यायचा. आमी हे स्पीकरला लावतो."

"बबनराव," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो, "पठण हे यंत्राने करायचे कर्म नव्हे."

"व्हय, पर सोपान म्हणतुया, त्याला अध्यायाची ग्यारंटी पायजे."

"बाबा, बॅकअप असलेला बराच," श्रीकांत आतल्या खोलीतून म्हणाला. पुत्राने पित्याचे बळ व्हावे असे शास्त्र सांगते. माझा पुत्र बॅकअप सांगतो.

शेवटी असे ठरले की पितृपक्ष संपायच्या आत बबनराव आमच्या घरी येतील आणि मी त्यांना संपूर्ण पाठ म्हणून दाखवीन. न चुकता म्हटला, तर दत्तजयंतीची गादी माझी. चुकलो, तर त्या करंगळीएवढ्या वस्तूची. आयुष्यभर मुलांच्या परीक्षा घेतल्या, आणि आता माझी तोंडी परीक्षा एक निवृत्त पैलवान घेणार होते.

श्रीकांतने मला भूगावच्या डॉक्टरांकडे नेले; सूनबाईही सोबत होत्या. (भूगावातून वाहने पुढे सरकण्यास इतका अवधी लागला की मी गाडीत पाच अध्याय बिनचूक म्हटले. ऐकायला बबनराव नव्हते.) डॉक्टर तरुण होते, पण समंजस होते. त्यांनी मला काही प्रश्न विचारले, काही चित्रे ओळखायला लावली, आणि काळजीचे कारण नाही, वयाप्रमाणे एखादा सांधा निसटतो, असे सांगितले. झोप नीट घ्या, चालत जा, म्हणाले. मग सहज विचारले, "पोट कसं असतं?"

माझ्या आधी सूनबाईंनी विचारले, "म्हणजे पोटाचा आणि मेंदूचा संबंध असतो ना, डॉक्टर?"

"असतो. आतड्यातले जिवाणू आणि मेंदू यांच्यात काही देवाणघेवाण चालते, असं दिसतंय. त्यावर संशोधन सुरू आहे. पण अमुक खाल्लं की स्मरणशक्ती वाढते, असं मी कुणालाही सांगणार नाही. साधं जेवण, भाज्या, डाळी, ताक. पुरे."

डॉक्टरांनी चार वाक्ये सांगितली. सूनबाईंनी त्यांतले पहिले घेतले आणि आम्ही घरी आलो.

पुढच्या आठवड्यात आमच्या ओट्याचे रूपांतर यज्ञशाळेत झाले, फरक इतकाच की इथे अग्नी नव्हता आणि धूर बरण्यांच्या आत होता. एका बरणीत कोबी आंबत होता. दुसऱ्या मोठ्या बरणीत बीट, मोहरी आणि पाणी घालून कांजी ठेवली होती. तिचा रंग पाहून मला दर वेळी रणभूमीची आठवण होई. तिसऱ्या बरणीत चहा होता आणि त्या चहावर एक पांढरी, जाड, लिबलिबीत चकती तरंगत होती.

"हे काय आहे, मुग्धा?" पत्नीने विचारले.

"आई, ही कोंबुचाची मदर. हिच्यापासून सगळं तयार होतं."

"हिला आई म्हणायचं?" पत्नीने बरणीत वाकून पाहिले. "मग मला दुसरं काहीतरी म्हण बाई."

"आई, अहो यात चांगले जिवाणू असतात. बाबांच्या पोटातल्या जिवाणूंना सोबत मिळेल."

"आणि माझ्या विरजणात काय असतं? चाळीस वर्षं ह्यांना दही लावून घालतेय मी."

"त्यातही असतात, आई."

"मग ते काय झोपले होते नवव्या अध्यायाला?"

या प्रश्नावर सूनबाईंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले, आणि मला कळून चुकले की आता संकट माझ्याकडे वळणार. झालेही तसेच.

"बाबा, दही तर तुम्ही खातच नाही सध्या."

वस्तुस्थिती अशी की मी चातुर्मासाचा नेम पाळतो. श्रावणात पालेभाजी वर्ज्य, भाद्रपदात दही वर्ज्य, आश्विनात दूध वर्ज्य. हा नेम माझ्या वडिलांनी पाळला, त्यांच्या वडिलांनी पाळला, आणि त्यांच्यापैकी कोणी अध्याय गाळल्याचे ऐकिवात नाही. मी हे सूनबाईंना सविस्तर समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे श्रावणात त्यांचा चारा बंद, भाद्रपदात भरती बंद," त्या म्हणाल्या. "बाबा, नेम तुम्ही केलाय. उपाशी ते मरतायत."

त्र्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात माझ्या उपवासाचे पुण्य कोणाला मिळते याचा मी पुष्कळ विचार केला होता. उपवास कोणाला घडतो, याचा केला नव्हता.

मी हट्टी मनुष्य नाही. कोबीत लसूण नको, एवढी एकच अट घालून मी सूनबाईंचा प्रयोग स्वीकारला. सकाळी संध्या झाली की कोबी. दुपारी कोंबुचा. सायंकाळी रामरक्षेच्या आधी कांजी. पोटात दिवसभर अशी चर्चा चाले की मला स्वतःचा जप ऐकू येईना. पत्नी शेजारच्या खोलीतून विचारी, "अहो, काही म्हणालात का?" आणि मला सांगावे लागे, "मी नाही."

इतक्यात भाद्रपदाची पौर्णिमा आली आणि तिच्यासोबत चंद्रग्रहण आले.

सूनबाई त्या सकाळी चार दिवसांसाठी माहेरी, साताऱ्याला निघाल्या. निघताना त्यांनी सर्वांना बजावले, "बरण्या नव्याने भरल्यात, मी येईपर्यंत कुणी हात लावू नका. आहेत तशाच राहू देत." बरण्यांच्या तोंडांवर मलमलचे तुकडे होते आणि त्यांवर रबर. झाकणे बाजूला ठेवलेली.

दुपारी वेध लागण्यापूर्वी मी दर्भाची जुडी घेऊन स्वयंपाकघरात गेलो. आमच्याकडे ग्रहण पाळतात. शिजलेले अन्न आणि भरलेले पाणी ग्रहणानंतर टाकून द्यायचे. दूध, तूप, लोणची यांच्यात दर्भाची काडी ठेवली की ती राहतात. दूध झाले, तूप झाले, लोणचे झाले. मग मी सूनबाईंच्या बरण्यांपुढे उभा राहिलो आणि माझ्यापुढे धर्मसंकट उभे राहिले. कोंबुचा म्हणजे काय? चहा मानला तर शिजलेला, म्हणजे टाकायला हवा. पाणी मानले तरी टाकायला हवे. या विषयावर शास्त्रकारांनी काहीही लिहून ठेवलेले नाही. त्यांच्या काळी सुना असे प्रयोग करीत नसाव्यात.

मी पुष्कळ वेळ विचार केला. त्या निष्पाप मुलीने माझ्यासाठी घेतलेले कष्ट डोळ्यांपुढे आले. शेवटी मी उदार अंतःकरणाने निर्णय दिला की ही तिन्ही द्रव्ये लोणच्याच्या जातीची आहेत. प्रत्येकात दर्भ ठेवला. पण मलमलीचे विरळ फडके म्हणजे काही झाकण नव्हे. ग्रहणाची छाया त्यातून सहज आत जाईल. म्हणून मी फडकी काढली, फिरकीची झाकणे बसवली, आणि अंगात होते नव्हते तेवढे बळ लावून ती आवळली. मग हात धुऊन जपाला बसलो. त्या ग्रहणात आमच्या घरातील जिवाणूंइतके सुरक्षित प्राणिमात्र मुळशी तालुक्यात दुसरे नसतील.

ग्रहण सुटले. स्नाने झाली, पाणी बदलले. आणि झाकणे? ती माझ्या स्मरणातून गेली. (ज्या व्याधीवर औषध चालू होते, ती औषधालाच भोवली, एवढे वाचकांनी लक्षात घ्यावे.)

परीक्षेचा दिवस आणि सूनबाई परतण्याचा दिवस एकच निघाला. मी देव्हाऱ्यासमोर पाटावर बसलो. आमचे स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामध्ये भिंत नाही. ही नव्या घरांची तऱ्हा. बबनराव ओट्याजवळच्या खुर्चीवर बसले. पांढरे शुभ्र, कडक इस्त्रीचे कपडे, पांढरी टोपी. डोक्यावर पंखा गरगरत होता. मी डोळे मिटले.

पहिला अध्याय गेला. चौथा गेला. सातवा तर असा गेला की माझे मलाच कौतुक वाटले. आठव्याच्या सुमारास बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. सूनबाई आल्या होत्या. त्यांनी चप्पल काढली असेल नसेल, माझा नववा चालू झालेला त्यांनी ऐकला आणि त्यांच्या मनात आले की आता, त्या चकव्याच्या आधी, बाबांना कांजीचा एक घोट पोहोचलाच पाहिजे.

पुढचे मी मिटल्या डोळ्यांनी फक्त ऐकले.

"आई, हे झाकण कुणी लावलं?" सूनबाई कुजबुजल्या.

"मी नाही बाई. मी तुझ्या त्या आईकडे बघतसुद्धा नाही."

"निघतच नाहीये."

"लई घट हाय व्हय?" हा बबनरावांचा आवाज. तोही कुजबुजता, पण पैलवानाची कुजबुज ती. "आण हिकडं, पोरी."

"काका, सावकाश हं. आधी थोडंसंच..."

"आगं, ह्या हातांनी माणसं उपटल्यात. बरणीचं काय घिऊन बसलीस."

मी तो चरण उच्चारला. दोन्ही वाटा माझ्यापुढे उघडल्या. डावीकडची वाट मला स्वच्छ दिसत होती, देवाशपथ दिसत होती. मी श्वास घेतला आणि त्याच क्षणी बबनरावांनी झाकण फिरवले.

सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. भीतीने माझ्या तोंडून जे निघाले, ती समाप्तीची ओळ होती.

मी डोळे उघडले. कांजीचे कारंजे छतापर्यंत जाऊन परतत होते. वाटेत पंखा होता. पंख्याने आपले कर्तव्य केले. देव्हाऱ्यातील देव, भिंती, पडदे, माझे उपरणे, पत्नीचे पांढरे केस, सर्वांवर तांबड्या तुषारांचे समान वाटप झाले. बबनराव मात्र उगमाशीच होते. टोपीपासून पायांपर्यंत ते लालभडक झाले होते, मिशीत मोहरी होती, आणि डाव्या खांद्यावर बिटाची फोड तेवढी शाबूत होती. त्यांच्या मांडीवर एक ओली दर्भाची काडी येऊन विसावली.

बबनरावांनी मिशी चाटून पाहिली.

"संपलं का वो गुरुजी?" त्यांनी विचारले. "सप्त्यापरीस बी लौकर?"

"अहो, नववा चालला होता," पत्नी म्हणाली.

आतल्या खोलीचे दार उघडून श्रीकांत डोकावला. त्याच्या कानांवर यंत्र होते. "बाबा, माझी मीटिंग चालू आहे. पाठ जरा हळू म्हणाल का?" मग त्याने बबनरावांकडे पाहिले, आणि दार हळूच पुन्हा लावून घेतले.

सूनबाईंनी ती काडी उचलली. काडीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"बाबा, झाकणं तुम्ही लावलीत?"

"ग्रहण होते, सूनबाई. मी त्यांचे रक्षण केले."

"त्यांचा वायू बाहेर जायला वाट लागते, बाबा. म्हणून तर फडकं होतं. आणि त्यांना ग्रहण कळत नाही हो."

"तुझ्या म्हणण्याप्रमाणे त्यांना अध्याय कळतात," मी म्हणालो. "मग ग्रहण न कळायला काय झाले?"

"एक सांगा," पत्नीने मध्येच विचारले. पदराने ती गणपती पुसत होती. "झाकण आवळायला पैलवानाला जड जावं इतकी ताकद आली कुठून? माझी लोणच्याची बरणी उघडायची म्हटली की तुमचा खांदा दुखतो."

मी उपरणे झटकू लागलो. ओट्यावर अजून दोन बरण्या होत्या, झाकणे लावलेल्या. हे सर्वांच्या एकदमच लक्षात आले. त्यानंतर सूनबाईंनी कोंबुचाची बरणी टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या मुलाला न्यावे तशी, अंगणात कशी नेली, आम्ही सारे कढीपत्त्याच्या झाडामागे कसे उभे राहिलो आणि बबनरावांनी दुरूनच "मला बलावू नगा" असे कसे सांगितले, ते लिहीत नाही. त्या पोक्त मातेने आवाज केला नाही. नुसताच सुस्कारा सोडला. कोबीनेही मर्यादा पाळली.

बबनराव त्याच वेषात गावातून घरी गेले. पारावर त्यांना तीन जणांनी विचारले म्हणे, की मारामारी कुठे झाली आणि समोरच्याची काय गत आहे.

दोन दिवसांनी ते पुन्हा आले. निकाल ऐकण्यासाठी मी मनाची तयारी केली होती. पेनड्राइव्ह त्यांच्या हातातच होता. पण त्यांच्या मुद्रेवर एक अवर्णनीय समाधान होते.

"सूनबाई कुटं हायेत?" त्यांनी विचारले. "ते लाल पानी उरलंय का न्हाई थोडं? माझ्या तोंडात गेलं हुतं घोटभर. गुरुजी, तुमास्नी म्हणून सांगतो, दुसऱ्या दिवशी सकाळी असं मोकळं वाटलं, असं मोकळं वाटलं, की मी घरात गानं म्हनलो."

"बबनराव," मी म्हणालो, "माझ्या गादीचे काय?"

"त्येच सांगतुया. म्हना तुमीच दत्तजयंतीला. पर पेनड्राइव्ह स्पीकरला लावून ठिवनार. बटनावर बोट माझं. तुमी घसरलात की मी दाबनार. सोपानची ग्यारंटी पन झाली, तुमची गादी पन ऱ्हायली."

यापेक्षा मला सरळ काढून टाकले असते तरी चालले असते. पण मी ते मान्य केले.

दत्तजयंतीचा दिवस उजाडला. सभामंडप भरला होता. इतकी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. गावाला अध्यायांविषयी अचानक आस्था उत्पन्न झाली होती असे नव्हे. गुरुजी घसरतात की नाही, हे पाहायला माणसे आली होती. स्पीकरशेजारी बबनराव बसले होते, बोट कळीवर. बायकांच्या रांगेत सूनबाई कांजीची बाटली घेऊन बसल्या होत्या. झाकण सैल होते, हे मी आधी तपासून घेतले.

मी डोळे मिटले. अध्याय वाहू लागले. किती वाहिले कोणास ठाऊक, कारण ओठ म्हणत होते आणि मन त्या बोटाचा विचार करीत होते. आणि तो चरण आला.

मी तो उच्चारला, आणि माझ्या अंतःकरणात शुद्ध काळोख पसरला. हा नववा की अठरावा? मला खरोखर आठवेना. डोळे उघडण्याची सोय नव्हती. थांबण्याची त्याहून नव्हती. बबनरावांच्या खुर्चीची करकर मला ऐकू आली. मी सरस्वतीचे स्मरण केले. उत्तर आले नाही. गुरुजींच्या छडीचे स्मरण केले. तीही गप्प राहिली. सूनबाईंच्या त्या कोट्यवधी आश्रितांनाही मी मनोमन हात जोडले. आणि तेव्हा माझ्या उदरातून एक दीर्घ, करुण स्वर निघाला.

भूक लागली होती.

भुकेसरशी नाक जागे झाले. मी श्वास घेतला. मागच्या शेडमधून चुलीचा धूर येत होता. कोथिंबिरीचा ओला वास येत होता. पण फोडणीचा वास नव्हता. भाताचा नव्हता. तेलाचा तर मुळीच नव्हता. ज्याअर्थी सोपानची फोडणी अजून पडली नाही, त्याअर्थी तेरावा झालेला नाही. ज्याअर्थी तेरावा झालेला नाही, त्याअर्थी हा अठरावा असणे संभवत नाही. न्यायशास्त्रात अनुमान हे प्रमाण मानले आहे. मी डावीकडे वळलो.

दहावा अध्याय सुरू झाला. बबनरावांच्या खुर्चीची करकर थांबली.

तेराव्याला हिंग-मोहरीचा वास सभामंडपात शिरला, तेव्हा माझा स्वर चढला. भाविकांना वाटले, भक्तीने. पंधराव्याला आंबेमोहोराने मला हात दिला. सतराव्याला तेल तापले. अठराव्याच्या अखेरीस तो चरण पुन्हा आला, तेव्हा पहिली पुरी तळली जात असल्याचा खमंग पुरावा माझ्या नाकापाशी हजर होता. मी निर्भयपणे उजवीकडे गेलो.

"गुरुजी, बटन दाबायची येळच आली न्हाई," बबनराव म्हणाले. "बोट मातुर आकडलं."

सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी होते. "बाबा, बघितलंत? मी सांगत नव्हते? पोट आणि मेंदू यांचा थेट संबंध असतो."

"सूनबाई," मी म्हणालो, "आज मला त्याची पूर्ण प्रचिती आली."

यातील एक अक्षरही असत्य नव्हते. पत्नीने मात्र माझ्याकडे रोखून पाहिले आणि माझ्या पानात एक पुरी जास्तीची वाढली. तिला काय कळले, ते मी विचारलेले नाही. तेव्हापासून मी रोज सायंकाळी मुकाट्याने कांजी घेतो. गावात आता बरीच घरे घेतात.

परवा बबनराव मोठ्या उत्साहाने एक बातमी घेऊन आले. सोपानला आता चुलीचा धूर सोसत नाही. तेव्हा यंदाच्या सप्ताहापासून महाप्रसाद भूगावच्या एका केटररकडून तयारच येणार. गाडीतून, बंद डब्यांत, आरतीच्या वेळेला. कसली कटकट नाही, देवळात वाससुद्धा येणार नाही.

मी त्यांच्यापुढे चहा सरकवला. मग विचारले, "बबनराव, तो पेनड्राइव्ह जपून ठेवला आहे ना?"